बी.डी. झाली, आता परदेशात थिऑलॉजी करायची आहे: अर्जापासून पहिल्या हिवाळ्यापर्यंत

प्रश्न असा आला आहे: सोलापूर विद्यापीठाची तीन वर्षांची बी.ए., मग सेरामपूर सिनेटची (देशभरच्या सेमिनऱ्यांना, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयांना, पदव्या देणारी संस्था) बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, दोन वर्षं एका मंडळीत सहायक पाळक. घरी पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये पुढे थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती ईश्वरशास्त्र, शिकायचं आहे. पदवी कोणती घ्यावी, पैसे कसे दाखवावेत, आणि तिथे गेल्यावर काय?

सगळ्यात महागात पडते ती पदवी निवडण्यातली चूक, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. अमेरिकेतली एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) ही पाळकपदाची तयारी करून घेणारी तीन वर्षांची पदवी. तिकडेही पूर्वी तिला बी.डी.च म्हणत, नाव बदललं, साचा तोच राहिला. म्हणजे तुमची बी.डी. आणि त्यांची एम.डिव्ह. साधारण एकाच पायरीवरच्या. तरीही बी.डी. झालेले कितीतरी जण पुन्हा एम.डिव्ह.ला अर्ज करतात, कारण तिथे जागा जास्त आणि शिष्यवृत्तीही बरी. तीन वर्षं जातात आणि हाती तीच पायरी. तुम्ही बघायच्या त्या टीएच.एम. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) किंवा एस.टी.एम. (मास्टर ऑफ सेक्रेड थिऑलॉजी) या बी.डी.नंतरच्या एका वर्षाच्या पदव्या. विषय बदलायचा असेल, समजा पाळकीय कामाकडून धर्म-अभ्यासाकडे वळायचं असेल, तर दोन वर्षांची एम.टी.एस. (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज). ब्रिटनमध्ये एम.टीएच. (हीही मास्टर ऑफ थिऑलॉजीच) किंवा एम.ए. बहुधा एका वर्षाची असते. पीएच.डी.ही तिथे तीनेक वर्षांची आणि थेट प्रबंधाची. अमेरिकेत आधी दोन वर्षं वर्ग, मग सर्वंकष परीक्षा, मग प्रबंध, म्हणजे पाच-सहा वर्षं धरून चाला.

दुसरा मुद्दा परतल्यावरचा. इथल्या सेमिनरीत शिकवायचं असेल तर त्या संस्थेला आत्ताच विचारा: अमुक विद्यापीठाची अमुक पदवी तुमच्याकडे अध्यापकासाठी चालते का? पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी, बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज अशा सिनेटशी संलग्न संस्थांत पदव्यांची चढण ठरलेली असते. मधली पायरी गाळलेली असेल तर परदेशी शिक्का असूनही अडतं. मंडळीतच परतायचं असेल तर हा प्रश्न नाही, मग पदवीपेक्षा विषय बघा.

तीन वर्षांच्या बी.ए.चं काय? काही संस्था ती धरतात, काही चार वर्षांच्या बरोबरीचं मूल्यांकन मागतात, काही ‘बी.ए. अधिक बी.डी.’ एकत्र मोजतात. संकेतस्थळावर याचं उत्तर बहुधा सापडत नाही. प्रवेश कार्यालयाला चार ओळींची ईमेल करा: पदव्या, वर्षं, विद्यापीठं आणि एकच प्रश्न, या पदव्यांवर मी टीएच.एम.ला पात्र आहे का. उत्तर येईपर्यंत अर्जाची फी भरू नका.

त्याच ईमेलमध्ये आणखी एक विचारून घ्या: हा अभ्यासक्रम पूर्ण निवासी आहे का? अलीकडे अमेरिकन सेमिनऱ्यांनी बऱ्याच पदव्या ऑनलाइन किंवा अर्ध्या ऑनलाइन केल्या आहेत. प्रवेशपत्र छान छापलेलं येतं, पण ऑनलाइन पदवीवर विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद मिळत नाही. एफ-१, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर, गेल्यावरही पूर्णवेळच्या हिशोबात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय, जास्तीत जास्त तीन क्रेडिटांचा, धरला जातो.

आता उद्देशपत्र, म्हणजे आपण ज्याला एस.ओ.पी. म्हणतो ते. इथे आपल्याकडच्या अर्जदारांची गाडी हमखास एकाच ठिकाणी रुतते: उद्देशपत्राच्या जागी साक्ष लिहिली जाते. ‘ख्रिस्ती घरात जन्म झाला, अकराव्या वर्षी प्रभूने स्पर्श केला, बारावीत आजारी पडलो तेव्हा सेवेचं पाचारण झालं...’ रविवारी वेदीपुढे हे शोभतं. काही सेमिनऱ्या साक्ष मागतातही, पण वेगळ्या पानावर. उद्देशपत्रात निवड समितीला बघायचा असतो तुमचा प्रश्न. दोन पानांच्या मजकुरात साक्षेला पाच-सहा ओळी पुरेत.

आणि प्रश्नांच्या बाबतीत सोलापूरकर भाग्यवान आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. ‘मला भारतीय संदर्भातली थिऑलॉजी शिकायची आहे’ हे वाक्य समितीने शंभर वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी हे बघा: ‘नारायण वामन टिळकांनी अभंग ख्रिस्ती उपासनेत आणला, तेव्हा वारकऱ्यांची माउलीची भाषाही बरोबर आली. आज मंडळी ही पदं गाते, पण प्रवचनात देव फक्त पिता असतो. गाण्यातला देव आणि प्रवचनातला देव यांच्यातलं हे अंतर मला अभ्यासायचं आहे.’ यात ठिकाण आहे, साहित्य आहे, ताण आहे, आणि हे काम तुमच्याशिवाय दुसरं कोण करणार, हेही न सांगता कळतं. पंढरपूर तुमच्यापासून सत्तरेक किलोमीटरवर. चोखोबांचं मंगळवेढं त्याच जिल्ह्यात. दलित थिऑलॉजीचा पाया घालणाऱ्या अरविंद निर्मळांच्या विचारांशी चोखोबांचे अभंग ताडून बघणं हा एक विषय झाला. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू-ग्रीकवरून केलेलं साध्या मराठीतलं बायबल भाषांतर हा दुसरा. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा कानावर पडतात. यातल्या दोन-तीन तुम्हाला वाचता येत असतील तर ते अर्जात ठळक लिहा. डॉक्टरेटला बहुधा जर्मन किंवा फ्रेंच वाचनाची परीक्षा असते. पण तुमचं संशोधन मराठी किंवा कन्नड साहित्यावर असेल, तर त्यातली एक भाषा त्या जागी धरा, अशी विनंती करता येते.

प्रश्न ठरला की संस्था आपोआप गाळल्या जातात. ज्या विभागात तुमच्या प्रश्नाच्या जवळपास काम करणारे निदान दोन प्राध्यापक नाहीत, तिथे अर्ज करू नका. एकच असेल आणि ते नेमके त्या वर्षी रजेवर किंवा निवृत्तीच्या वाटेवर असतील, तर तुम्ही अडकलात. पाच-सहा अर्ज पुरतात.

शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. त्यातली दोन शिकवणाऱ्यांची आणि एक मंडळीकडून, हे प्रमाण उलटं करू नका. आपल्याकडची पत्रं ‘नम्र, प्रामाणिक, प्रार्थनाशील’ यावर संपतात. प्राध्यापकांना भेटायला जाताना तुमचा एखादा चांगला निबंध आणि उद्देशपत्र घेऊन जा, म्हणजे त्यांना लिहायला काही तरी हाताशी राहील. पत्र संस्थेच्या ईमेलवरून जावं. आणि पत्र स्वतः लिहून फक्त सही मागू नका. तिन्ही पत्रांची इंग्रजी एकाच हातची आहे हे वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

कागदपत्रांत पहिली कटकट नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव छापतात. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. आयईएल्टीएस किंवा टोफेलची नोंदणी, अर्ज, आय-२०, सगळीकडे अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे हवं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, नाहीतर अमेरिकन व्हिसावर तुमच्या पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी तीन अक्षरं येतात आणि मग बँकेपासून विद्यापीठापर्यंत सगळे तुम्हाला त्याच नावाने हाका मारतात. बाप्तिस्म्याचं नाव कागदोपत्री वेगळं असेल तर राजपत्रातली नोंद जोडावी लागते.

गुणपत्रकांच्या अधिकृत प्रतीसाठी केगावला विद्यापीठात अर्ज करायचा. सोलापूर विद्यापीठ २००४ सालचं. त्याआधी पदवी झालेल्यांना कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे जावं लागतं, हे ऐन वेळी लक्षात येतं. २००४ नंतरच्या जुन्या प्रमाणपत्रांवर नुसतं ‘सोलापूर विद्यापीठ’ आणि नव्यांवर ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ असेल, तर अर्जात एका ओळीत खुलासा करा. बी.डी.ची पदवी सिनेटची असल्याने अधिकृत प्रत नुसत्या कॉलेजकडून चालेल की सेरामपूरहून लागेल, हे संस्थेला विचारून ठरवा. सेरामपूर बंगालमध्ये, टपालाचा वेळ धरा. परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला बंद पाकीट विद्यापीठाकडूनच जावं लागतं. तुम्ही उघडून पाहिलं की ते बाद.

वेळापत्रक मागून मोजा. वर्ग ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतात, अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारी, निकाल मार्चच्या आसपास. म्हणजे इंग्रजीची परीक्षा ऑक्टोबरपर्यंत आणि गुणपत्रकांचं काम त्याच्या आधीच्या पावसाळ्यात. सप्टेंबरात कॉलेजं परीक्षांत आणि सणांत बुडालेली असतात. ख्रिसमसच्या आठवड्यात पाळकसाहेबांकडून पत्राची अपेक्षा ठेवणं तर सरळ अन्याय आहे.

आता पैसे. शिक्षणशुल्क पूर्ण माफ झालं म्हणजे सगळं झालं, असं घरी वाटतं. आय-२० वर पहिल्या वर्षाचा सगळा खर्च मांडलेला असतो: शुल्क, राहणं, जेवण, विमा, पुस्तकं, आणि बायको-मुलगी बरोबर असतील तर त्यांचाही. समजा एकूण आकडा ५२,००० डॉलर आणि शिष्यवृत्ती ३०,००० ची, तर उरलेले २२,००० डॉलर कुठून येणार ते तुम्ही दाखवायचं. इथे सातबारा चालत नाही. शेत, घर, सोनं यांचं सी.ए.कडून काढलेलं मूल्यांकन फाइल जाड करतं, पण लागेल तेव्हा काढता येईल असा पैसा म्हणून ते मोजलं जात नाही. बचत खातं, मुदत ठेव, मंजूर शैक्षणिक कर्जाचं पत्र, यांवर भिस्त ठेवा. बऱ्याच कुटुंबांची ठेव पतसंस्थेत असते. ती काही महिने आधी राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत वळवा, कारण पतसंस्थेचं नाव बाहेरच्या कुणाला ओळखता येत नाही. आदल्या महिन्यात खात्यात एकदम मोठी रक्कम आली असेल तर तिचा उगम सांगणारा कागद हवा: जमिनीचं खरेदीखत, भविष्य निर्वाह निधीची रक्कम, जे असेल ते. काकांनी हमी दिली असेल तर नातं आणि उत्पन्न दोन्हींचा पुरावा.

बँका थिऑलॉजीला कर्ज देताना कुरकुरतात, कारण पगाराचा अंदाज बांधता येत नाही. तारण दिल्याशिवाय मोठी रक्कम निघेल असं धरू नका. आणि पाळकाच्या मानधनावर डॉलरमधलं कर्ज फेडण्याची कल्पना मनात असेल तर कागद घेऊन बेरीज करा. बहुतेकदा तिथेच निर्णय होतो. डॉक्टरेटसाठी लॅंगहॅमसारख्या शिष्यवृत्त्या आहेत, जिनिव्हाजवळच्या बोस्सेच्या एक्युमेनिकल (सगळ्या ख्रिस्ती पंथांना एकत्र आणणाऱ्या) संस्थेत छोटे अभ्यासक्रम आहेत. अशा ठिकाणी मंडळीची किंवा बिशपांची शिफारस आणि परतण्याची हमी हाच अर्जाचा कणा असतो. परदेशातली एखादी मंडळी मदत करणार असेल तर पैसे तुमच्या मंडळीच्या खात्यावर मागवू नका, परकीय देणग्यांच्या कायद्याचा गुंता होतो. सरळ त्या विद्यापीठाकडे तुमच्या नावाने भरायला सांगा.

अमेरिकन व्हिसाचा क्रम सोपा आहे: आय-२० आला की ३५० डॉलरची सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) फी, मग डीएस-१६० अर्ज, मग १८५ डॉलरची व्हिसा फी, मग भेटीची वेळ. मुंबईत बोटांचे ठसे आणि मुलाखत या बहुधा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी असतात. मुलाखत सकाळची असेल तर वंदे भारतच्या भरवशावर राहू नका, ती दुपारी पोचते. सिद्धेश्वरने रात्री निघून पहाटे उतरता येतं, पण गाडी रखडली तर गेलं सगळं. एक दिवस आधी जाऊन राहावं.

खिडकीवर दोन-तीन मिनिटं मिळतात. थिऑलॉजीवाल्यांना ठरलेला प्रश्न: हे भारतात शिकता येत नाही का? ‘तिथलं शिक्षण चांगलं आहे’ हे उत्तर नव्हे. ‘इथे एम.टीएच. होते, पण माझ्या विषयावर काम करणारे प्राध्यापक तिथे आहेत, आणि परतल्यावर अमुक संस्थेत शिकवायची तयारी आहे, हे त्यांचं पत्र’ हे उत्तर. तिथल्या मराठी किंवा भारतीय मंडळीची सेवा करण्याची इच्छा मनात असेल तर ती इथे बोलून दाखवू नका, आणि खरोखर तोच बेत असेल तर विद्यार्थी व्हिसा मागू नका. धार्मिक सेवकांचा व्हिसा वेगळा असतो.

ब्रिटनचं थोडक्यात: विद्यापीठाचं कॅस, म्हणजे प्रवेश निश्चितीचं, पत्र, क्षयरोगाची तपासणी, सलग २८ दिवस खात्यात ठेवलेले पैसे, आणि विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार, तोही सगळ्या वर्षांचा आधीच. तुमच्यासाठी मोठी अडचण वेगळीच आहे. जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सला कुटुंब बरोबर नेता येत नाही. संशोधनाच्या पदवीला नेता येतं. मुलगी तीन वर्षांची असताना हा एक नियमच कदाचित देश ठरवेल. अमेरिकेत कुटुंब नेता येतं, पण एफ-२ या कुटुंबीयांच्या व्हिसावर पत्नीला नोकरी करता येत नाही, ती नर्स असो की शिक्षिका. शिवाय दोघींचा आरोग्य विमा शिष्यवृत्तीत बहुधा नसतो. पहिलं सत्र एकट्याने काढून मग त्यांना बोलावणं पुष्कळांना परवडतं.

अमेरिकेत वर्ग सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी प्रवेश मिळत नाही. गेल्या गेल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात हजेरी लावा, सेव्हिसमध्ये नोंद तिथूनच होते. लसींचे दाखले इथूनच इंग्रजीत करून न्या. क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी सांगितली तर लहानपणी बी.सी.जी. घेतल्याचं सांगून रक्ताची चाचणी मागा. बी.सी.जी.मुळे त्वचेवरची चाचणी खोटीच होकारार्थी येऊ शकते आणि मग एक्स-रे, डॉक्टर, धावपळ.

शेंगाचटणी जरूर न्या, कोरडी असल्याने विमानतळावर सहसा अडत नाही. मात्र विचारलं तर खाण्याचं सामान आहे हे सांगा. पण वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात डबा उघडा ठेवू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी तिकडे जिवावरची गोष्ट मानतात, आणि ती खरंच असते. चादर हवी तर एक न्या, घरच्या वासासाठी. थंडीचा कोट तिथेच घ्या, सोलापुरातला स्वेटर त्या हिवाळ्यात बनियनसारखा वाटतो.

वर्गात पहिला धक्का वाचनाचा. एका विषयाला आठवड्याला शंभर-दीडशे पानं सहज असतात, आणि विषय तीन-चार. सगळं ओळीने वाचणारा तिसऱ्या आठवड्यात बुडतो. प्रस्तावना, शेवट, मग मधला युक्तिवाद, असं वाचायला शिकावं लागतं. दुसरा धक्का बोलण्याचा: सेमिनारमध्ये गप्प बसणं हा आदर मानला जात नाही, तयारी नाही असं धरतात. तिसरा, तळटीपांचा. आपल्याकडे नोट्समधली वाक्यं जशीच्या तशी उतरवणं अंगवळणी पडलेलं असतं. तिथे अवतरणचिन्ह सुटलं तरी वाङ्मयचौर्याची चौकशी लागू शकते. तळटीपांची शिकागो किंवा एस.बी.एल. पद्धत जाण्याआधीच हाताखालून घाला. अनेक ठिकाणी देवासाठी पुल्लिंगी सर्वनाम टाळायचा आग्रह असतो. आपण तर पाळकसाहेबांना ‘ते’ आणि देवाला ‘तो’ म्हणणारे. या गमतीवरच एक चांगला निबंध होईल.

पवित्र शास्त्राची ऐतिहासिक चिकित्सा बी.डी.त झालेली असली तरी तिथे ती प्रार्थनेशिवाय, थंडपणे चालते. काहींना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आतून हलल्यासारखं होतं. ते घरी फोनवर सांगता येत नाही, मंडळीत तर नाहीच. सेमिनरीच्या चॅप्लेनकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची आध्यात्मिक काळजी घेणाऱ्या पाळकांकडे, जा, त्यांचं कामच ते आहे.

आता थिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांनाच अडकवणारा एक सापळा. एफ-१ वर कॅम्पसमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, बाहेर नाही. पण रविवारी एखाद्या मंडळीत संदेशाला बोलावतात आणि शेवटी पाकिटात शंभर डॉलरचा चेक देतात. आपल्याला ती प्रेमाची भेट वाटते. कायद्याच्या नजरेत ते परवानगीशिवायचं काम ठरू शकतं आणि व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो. आमंत्रण स्वीकारण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा, चेक नम्रपणे नाकारा. मंडळीतलं क्षेत्रकार्य अभ्यासक्रमाचा भाग असेल तरी कॅम्पसबाहेर जाण्याआधी सी.पी.टी.ची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची परवानगी) नोंद लागेल का, हे लेखी घ्या. मानधन नसलं तरी विचारा.

कराचं: शुल्कात वळती झालेली शिष्यवृत्ती करमुक्त, पण राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या रकमेतून बहुधा १४ टक्के कापून हातात येतात. महिन्याचा हिशोब कापलेल्या रकमेवर करा. कमाई झाली नसली तरी अमेरिकन कर खात्याचा ८८४३ हा फॉर्म भरावाच लागतो. भारत-अमेरिका करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट मिळते. फुकट विवरणपत्र भरून देणाऱ्यांना हे माहीत नसतं, तुम्हीच दाखवा.

विद्यावेतन अनेकदा नऊ महिन्यांचं असतं आणि मे महिन्यात वसतिगृह रिकामं करायला सांगतात. उन्हाळ्याची सोय फेब्रुवारीतच बघा. सुटीत कॅम्पसवर पूर्णवेळ काम चालतं. घरी यायचं ठरलं तर निघण्याआधी आय-२० वर प्रवासाची सही घ्या. ती साधारण वर्षभर चालते. व्हिसाची तारीखही पासपोर्ट उघडून बघा, कारण ती उलटून गेली असेल तर परत जाण्याआधी मुंबईतली खिडकी पुन्हा गाठावी लागते, आणि मे-जूनमध्ये तिथली वेळ मिळणं सगळ्यात कठीण असतं.